अनारशांचे तांदूळ

माधव नगरच्या दवाखान्यात रजनी नंबर लागायची वाट बघत बसली होती. मागच्या बाकावर नवरा-बायकोची हळू आवाजात जुंपली होती.

"एस्तेर, उद्या तुझं ऑपरेशन, आणि तू अनारशांचे तांदूळ भिजवून आलीस?"

"नाताळ तोंडावर आलाय. भिजवायला नकोत?"

"अगं, गाठ कसली आहे, डॉक्टरांनाही पक्कं माहीत नाही."

"प्रभूला माहीत आहे."

"आणि तळणार कोण?"

"मीच तळणार."

"भीती नाही वाटत तुला?"

"वाटते की! रात्रभर प्रार्थना केली, तरी वाटते. म्हणून पहाटे उठून तांदूळ धुतले."

दारातून नर्सने हिंदीत हाक मारली, "एस्तेर साळवे, भर्ती होना है न? आइए."

"चला, बोलावलं. माझी काळजी प्रभूला आहे. तुम्ही तांदळाचं पाणी रोज बदला."