जॉयस्टिक मागे ओढली की

त्या दुपारी दोनशे बारा प्रवाशांचे प्राण कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात टांगणीला लागले होते. प्रवासी अर्थात खेळातल्या विमानातले. रांगेत प्रिंटर कवटाळून उभ्या असलेल्या शिक्षिकेने कान टवकारले.

“सिस्टिम अपग्रेड केली आणि जॉयस्टिक बिघडली. पाच वाजता आमच्या ऑनलाइन विमान-खेळाच्या क्लबची कॅप्टनपदाची परीक्षा आहे हो,” काउंटरपाशी उभे असलेले काका दुरुस्ती करणाऱ्या मुलाला म्हणाले.

“नक्की काय होतंय, काका?”

“मागे ओढली की विमान वर जातं.”

“मग बरोबरच आहे. खरं विमानही तसंच चालतं. तुमच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये दिशा उलटी लावलेली होती.”

“सहा वर्षं?”

“पूर्वीसारखी करून देऊ?”

“नको रे बाबा. परीक्षक कॅमेऱ्यातून हाताकडे बघतो. हात उलटा दिसला की नापास.”

“परीक्षक कोण?”

“माझाच शिष्य. त्याला विमान चालवायला मीच शिकवलं.”

“मग उलटीच करून देतो.”