परमनंट खूण आणि एकोणीस मिलिमीटर

समारंभाच्या अध्यक्ष मुख्य अभियंता मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे आज निवृत्त होणारे आमचे मोजणी विभागाचे साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या काकू, आणि पंख्याखालच्या खुर्च्या वेळेत पटकावलेल्या सहकाऱ्यांनो, सर्वांना नमस्कार.

मला चांगलं बोलता येतं असा माझा दावा नाही. मोजता येतं. म्हणून एकाच शब्दाबद्दल बोलते. परमनंट. शब्दकोशात या इंग्रजी विशेषणाचा अर्थ दिलाय, कायमचा, न बदलणारा. आपण तो सढळ हाताने वापरतो. परमनंट पत्ता, परमनंट शाई, काहींची परमनंट सर्दी. आपल्या नोंदवहीत मात्र तो फक्त उंचीची खूण असलेल्या सहा दगडांना लावलेला आहे. गावातल्या प्रत्येक गटाराचा उतार या सहा खुणांवरून ठरतो. त्यातली जुन्या टाकीजवळची खूण साहेबांनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी स्वतः बसवली. दगडात पितळी खिळा, आणि वहीत त्यांच्या अक्षरात ‘परमनंट’.

मी रुजू झाले ती सहा महिन्यांच्या चाचणीवर. पाचव्या महिन्यात टाकीमागच्या नव्या गटाराची मोजणी माझ्याकडे आली. टाकीजवळच्या खुणेची उंची वहीतल्या आकड्याशी जुळेना, एकोणीस मिलिमीटरचा फरक निघाला. पुन्हा मोजलं, एकोणीस. तिसऱ्यांदाही तेच.

ड्राफ्ट्समन काका म्हणाले, “बाई, दगड हलत नसतो. हात हलतो.” अख्खी खोली हसली. काका, तुम्ही आत्ताही हसताय, मला दिसतंय.

मी काय करायला हवं होतं? फरक थोडा थोडा सगळीकडे वाटून टाकला असता तर कागद जुळला असता, माझी नोकरीही टिकली असती. फक्त मागच्या घरांत सांडपाणी उलटं शिरलं असतं. मी दुसऱ्या दोन खुणांवरून मोजून पाहिलं. त्या एकमेकींशी जुळल्या. म्हणजे टाकीजवळचीच खाली गेली होती. तसं लिहिलं आणि वही साहेबांच्या टेबलावर ठेवली. हात हलला तो तेव्हा.

साहेबांनी चष्मा काढला. “ही खूण कोणी बसवलीय, माहितेय?”

“तुम्ही.”

“तरी लिहिलंस?”

“आकडा तोच आला.”

ते उठले आणि थेट टाकीवर. पट्टी धरणाऱ्या मावशी त्यांना म्हणाल्या, “साहेब, पोरगी तीनदा उन्हात उभी राहिली. आता जरा तुम्ही राहा.” साहेब वाकले, दुर्बिणीला डोळा लावला, आकडा वाचला. मग त्याच दगडावर बसले आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. “मावशी, बसली की हो माझी खूण! चांगली एकोणीस मिलिमीटर!” खणल्यावर कळलं, खालची पाण्याची नळी कित्येक वर्षं झिरपत होती आणि दगडाखालची माती खचली होती.

मी विचारलं, आता तो शब्द खोडायचा का?

“कशाला? परमनंट म्हणजे न हलणारं नव्हे गं. हललं तर कोणाच्या तरी लक्षात येईल, असं. दरवर्षी मोजलं तर शब्द खरा. ही मी अकरा वर्षं मोजलीच नाही. माझी होती ना!”

हे त्यांनी दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर पुन्हा सांगितलं, स्वतःची चूक म्हणून. माझ्या चाचणीच्या अहवालात त्यांनी एकच ओळ लिहिली: ‘हिच्या आकड्यावर विसंबावे.’ मग नवा दगड बसला. वहीत त्याच्यापुढे त्यांनी पुन्हा ‘परमनंट’ लिहिलं, आणि शेजारी, तपासणाऱ्याच्या रकान्यात, माझं नाव.

साहेब, यंदाची तपासणी मी काल केली. पट्टी मावशींनीच धरली. फरक शून्य. तुम्ही निश्चिंत मनाने घरी जा.

सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मी आभारी आहे. बोलण्यात कुठे चूक झाली असेल तर माफ करा, आणि नेमकी किती झाली तेही सांगा. दुरुस्त करीन.