तीस जणांचा एकच स्वभाव

तुम्ही म्हणता ना राव, मी फार संशयी झालोय? मग ऐकाच.

महाळुंग्याच्या आमच्या कंपनीत एचआरच्या मॅडमनी शिफ्ट सुटताना फॉर्म वाटले. "आपला स्वभाव ओळखा, त्यातली ताकद वापरा आणि पुढे जा."

लाइनवरचा कदम लगेच माझ्या कानाशी लागला. "भावा, ही माणसं कमी करायची तयारी आहे. सगळ्यांनी एकसारखंच लिहायचं. मग काढतील कुणाला?"

पटलं. तो सांगेल तिथं आम्ही तीस जणांनी टिक केली. 'दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवता का?' असा एक प्रश्न होता. कदम म्हणाला, "हो लिहा, चांगलं दिसतं."

आठवड्यानं मॅडमनी निकाल वाचला. "कमाल आहे! तीसच्या तीस जण एकाच स्वभावाचे. दुसऱ्यावर पटकन विश्वास ठेवणारे."

आम्ही गालातल्या गालात हसलो. कसं फसवलं!

"एकतिसावा मात्र वेगळा निघाला. स्वतःच्या डोक्यानं चालणारा. त्याला आपण सुपरवायझर करतोय. या कदम, पुढे या."

माझ्या निकालाचा कागद मी अजून जपून ठेवलाय. सगळी उत्तरं खोटी लिहिली, राव, आणि स्वभाव मात्र खरा निघाला.