विहिरीपाशी उज्वला उभी हाय

हॅलो?… हाव, बोल रूपाली… सेंटरातच हाय. रविवार असला तरी देगलूरला लोक फॉर्म भरायला येतातच की… एक मिनिट. आजोबा, कूर्चोंडी, त्या बाकड्यावर बसा, आधार काढून ठेवा… हां, बोल आता.

गेमचा सर्व्हर पुन्हा अडकला?… मला तर इथं काई दिसंना. सर्व्हर चालू हाय. पंखा लई ओरडून राहिला तेवढा… अगं ऐक ना, आवाज चढवू नको. मी मशीनच्या पुढ्यात बसलोय आन तू लातूरहून सांगायलीस… बरं. बरं, सांग.

कोण, साक्षी?… मागच्या रविवारी तिचा गेममधला पूलच गेला?… म्हणजे सर्व्हर पडला, आन उठला तेव्हा मागचं सेव्हच झालेलं नव्हतं… हाव, समजलं. हॉस्टेलवाले आठवड्यातून एकदा कॉम्प्युटरवर बसू देणार, तेवढ्यात बांधलेलं गेलं तर लेकरू चिडणारच.

दुसऱ्या सर्व्हरवर जाणार?… सगळेच?… अगं, असं कसं सगळेच. उज्वलाची पोरं हायत ती. शाळेच्या लॅबमध्ये तिनं एकेकाला माऊस धरायला शिकवलंय… न्हाई, तसं न्हाई. तुझं खरं हाय. पडणाऱ्या सर्व्हरवर कोण थांबंल.

म्हणजे आज पाचला पोरं खेळायला आली आन हा पडला तर ती जाणार. आसंच ना?… मग पाचच्या आत काय करायचं ते सांग, मी करतो.

नवीन मशीन न्हाई… याच्या बोर्डात आणखी रॅम बसत न्हाई, विचारून आलो मी. आन भाड्याचा सर्व्हर तर नकोच… का म्हणजे? तिनं गाव इथं वसवलं. आहे त्यात बसव. तुला येतं की हे सगळं.

हां, रिपोर्ट बघायलीस?… गेमचे ठोके किती?… आठ. सेकंदाला वीस पाहिजेत ना?… रूपाली, ठोके म्हणू नको गं. आकडा म्हण… न्हाई, काई न्हाई. नांदेडच्या दवाखान्यात लई बघितले. आकडा म्हण.

मॉड काढू?… आधी तू मला नावं वाच, मग ठरवू. मूळ गेम हलकीच होती ना गं. वरून हे मॉड जोडून भर घातली ती तुझ्या बहिणीनं. सत्यमनं बैलगाडी मागितली, जोडला बैलगाडीचा मॉड. कुणाला ज्वारी पाहिजे, जोडली ज्वारी. पिठाची गिरणी, रेल्वे, आठवडी बाजार. पोरानं मागितलं आन ती न्हाई म्हणली, आसं झालं का कधी?… मग. हिला किती वेळा म्हणलो, अगं मशीन हाय का भारवाही बैल हाय. हसायची.

बैलगाडीचा न्हाई काढायचा. मॉड काढला की त्याच्या वस्तू पण जातात, मागं एकदा झालंय तसं. सत्यमचा आख्खा गोठा जाईल… हां, नकाशाचे काढ. तीन-तीन नकाशे कशाला, एकच ठेव. अन पाऊस जास्त चमकवणारा हाय ना, तो पण. पाऊस साधाच पडू दे.

कितीचा?… लांबचं किती दिसावं तो आकडा?… बारा हाय. सहा करू?… केला. दिसंल ना पोरांना पुरेसं?… विहिरीवरून शाळा दिसंल का?… बस मग. तेवढं दिसलं की झालं.

रॅम?… सगळी दिली मी गेमला. होती तेवढी सगळी… का? मला वाटलं जितकी जास्त देईल तितकी पळंल… आस्सं. मशीनला स्वतःला चालायला काही उरलंच न्हाई म्हणतीस… हसू नको. मी फॉर्म भरणारा माणूस. दोन घरं मागं घेतो… घेतली.

आता बंद करून चालू करू?… थांब, सेव्ह होऊ दे आधी… झालं. बंद केला. चालू करायलो… आजोबा, दम धरा जरा, तुमचंच करतो, जल्दी काय हाय, बस सहाला हाय तुमची… हां, उठायला लागला… उठला. बघ तिकडं.

वीस?… खरंच वीस?… बघ, उगंच घाबरवून राहिली होतीस. एक काम कर, फोन चालू ठेव, मी मागच्या खोलीत जाऊन आलो… काई न्हाई, आलोच…

…हां, आलो. बोल… किती?… दहा?… अगं आत्ता तर वीस होता… नऊ… आता मी काय केलं? मी काईच न्हाई केलं. मागं जाऊन आलो फक्त.

हाव, उज्वलाच्या नावानं मीच केलं लॉगिन… तुला माहीत होतं?… पहिल्या आठवड्यापासून?… मग बोलली न्हाईस कधी… हाव, रोज. सकाळी वंदना झाली की मागं जातो, तिचा लॅपटॉप लावतो, गेम चालू करतो. चालू व्हायला लई वेळ घेती, तवर मी स्क्रीन बंद करून पुढं येतो… न्हाई, बघत न्हाई. एकदा पण न्हाई बघितलं. बघवत न्हाई मला. खेळणाऱ्यांच्या यादीत नाव हिरवं दिसतं, तेवढं इथून बघतो. शेवटची जिथं उभी होती, विहिरीपाशी, तिथंच येत आसंल… कशाला म्हणजे? पोरं आली की त्यांना मॅडमचं नाव दिसावं. यादीतून नाव गेलं तर त्यांना कसं वाटंल… बरं, मला पण. मला पण दिसावं. झालं समाधान?

अगं एका माणसानं कितीसा भार पडतो? पोरं वीस-वीस येतात की.

हां… हां… म्हणजे माणूस जिथं उभा आसंल, त्याच्या भोवतालचाच मुलूख जागा ऱ्हातो. बाकीचा झोपतो. हे माहीत हाय मला, उज्वलानंच सांगितलं होतं… मग?… हाव, ती विहीर बरोबर मधोमध हाय. गिरणी तिथंच. रेल्वे तिथंच, कोंबड्या तिथंच… म्हणजे ती उभी हाय म्हणून गाव दिवसरात्र जागं हाय. गिरणी दळायलीच, कोंबड्या अंडी घालायल्याच… आन उचलायला कोणीच न्हाई. ढीग किती झाला आसंल मग… बाप रे.

अंडी साफ कर. सगळी… हाव, कर, मी सांगतो ना. अंड्याला कोण रडतंय… किती झाला?… बारा. बघ, वाढला की… अजून पाहिजे. बरं.

कोंबड्या न्हाई… रूपाली, कोंबड्या न्हाई… अगं प्रत्येकीला नाव दिलंय तिनं. नाव दिलेलं जनावर गेम आपणहून काढत न्हाई, म्हणूनच दिलं. वर्गातल्या पोरींची नावं हायत. एक तुझ्या नावाची पण हाय, माहीत हाय का?… हाव, ती सगळ्यात जास्त ओरडती. खोटं न्हाई सांगत… बिननावाच्या काढ. तेवढ्या काढ.

तेरा. आन पोरं आली की परत खाली… खामखा आशा लावू नको, सरळ सांग. वर कसा न्यायचा?

न्हाई.

न्हाई म्हणलो ना. दुसरं काय आसंल ते सांग… गिरणी बंद ठेवू. रेल्वे बंद ठेवू… तरी न्हाई?… अगं, पण तिला बाहेर काढा काय म्हणतीस तू. तुझी बहीण हाय ती… हाव, मला माहीत हाय ती गेमातली बाहुली हाय. मी येडा न्हाई. मी तिला हातानं… दीक्षाभूमीच्या फोटोसमोर तिचा फोटो मीच लावलाय. मला सांगू नको काय खरं आन काय खोटं… 

बरं, ऐकायलो. बोल… माळावर?… कुठला माळ?… हाव, गावाबाहेरचा. तिथं काईच न्हाई. गवत पण न्हाई… तिथं उभी केली की भार पडणार न्हाई? आन नाव यादीत हिरवंच ऱ्हाईल?… पोरांना दिसंल?… हां. आकडा पण वर येईल. हां… तसं तर सगळंच बसतंय मग.

माळावर एकटी उभी करायची, रूपाली?… गाव दिसणार न्हाई तिथून. पोरं तिकडं जाणार न्हाईत. रोज सकाळी मी तिला माळावर उभी करायची आन स्क्रीन बंद करून निघून यायचं… तुझं बरोबर हाय. मशीनच्या हिशोबानं बिलकुल बरोबर हाय. पण न्हाई.

त्यापेक्षा घरी नेतो… हाव, तिनं बांधलेलंच. विहिरीमागचं, निळ्या दाराचं. घरात नेतो आन बंद करतो… हाव, लॉगआउट… उद्या? उद्या पण न्हाई लावणार. रोज लावणार न्हाई.

तू रडायलीस का?… मग नाक का ओढायलीस… थांबा काय? आता तूच थांबा म्हणायलीस? तासाभरापासून काढा काढा कोण म्हणत होतं?… अगं… गेमात कधी यायचीस?… जेवण झाल्यावर. तिच्याशेजारी येऊन उभी ऱ्हायचीस… बोलायचीस काई?… बरं, नको सांगू. तुमच्या दोघींचं हाय ते.

चल, उठतो. आजोबा, पाच मिनिटं. मागं जाऊन आलो.

…हां. आलो खोलीत. स्क्रीन लावायलो… लागली.

रूपाली, ही भिंत कसली?… तिच्या चारी बाजूंनी भिंत हाय. मला फक्त दगड दिसायलेत… न्हाई, खरंच. वरून उघडं, चारी बाजूंनी दगड. विहीर दिसंना. कोणी कोंडलंय तिला?… तू बघितलीस? मग बोलली का न्हाईस… पोरांनी?

थांब, काहीतरी लिहून आलं. साक्षी आलीय. पाच कुठं वाजलेत अजून… लवकर बसू दिलं आसंल. लिहिलंय, काका, भिंत नका तोडू… काका लिहिलंय गं तिनं. मॅडम न्हाई, काका. मी हाय हे त्या पोरीला कसं… म्हणजे सगळ्यांना माहीत आन मी इथं चोरासारखा पाय न वाजवता मागं येत होतो.

अजून लिहायलीय… कोंबड्या ढकलायल्या होत्या. दाटी झाली, ढकलत ढकलत मॅडमला विहिरीच्या काठावर नेलं, म्हणून आम्ही भिंत घातली… 

लिहायला कुठलं बटण?… हां, उघडलं. काय लिहू?… साक्षी, मॅडमना घरी नेतोय, एक बाजू उघड… पाठवलं… उघडायलीय. निघाला एक दगड. दुसरा… दिसली विहीर. आईगं, कोंबड्याच कोंबड्या.

चालवायचं कसं? मी कधी खेळलोच न्हाई… डब्ल्यू. दाबून धरू?… चालली. चालली गं… न्हाई, परत मागं आली. चार पावलं गेली आन जागेवर आली… अडकतंय म्हणून? हळू हळू टाकू?… आता सत्यम पण आलाय. अजून दोघं… रूपाली, आकडा किती?… सात. पडंल का गं आता?… तू बोलत ऱ्हा, मी चालवतो. तू बोलत ऱ्हा.

पोरं कोंबड्या बाजूला करायलीत. सत्यमनं बैलगाडी आडवी लावली, कोंबड्या पलीकडं अडवल्या. शहाणं पोरगं… डावीकडं वळवू कसं?… माऊसनं. हां… हां, वळली… दार आलं. निळंच हाय… उघडू कसं?… उघडलं.

आत हाय. चूल हाय, मडकं हाय… खिडकीपाशी उभी करतो. इथनं शाळा दिसती… लांबचा आकडा सहावर आणला तरी दिसती, हाव.

सहा? आकडा सहा?… मग बोल ना लवकर, कुठलं बटण… एस्केप. मग खालचं… हे शेवटचं. हाव, दिसलं.

…

दाबलं.

गेली स्क्रीन. पहिल्यासारखं पान आलंय, गेम चालू करा म्हणून.

तिकडं काय झालं?… लिहून येतं ना बाहेर पडलं की? काय आलं?… न्हाई, वाच. मला ऐकायचंय. वाच… उज्वला बाहेर पडली. एवढंच?… हाव. एवढंच येतं सगळ्यांना.

आकडा?… चौदा… अठरा… टिकलाय का?… वीस. पोरं हायत ना?… सगळी?… काय करायलीत?… साक्षी पूल बांधायलीय. बांधू दे. आता न्हाई पडत.

न्हाई, मी बराय. जरा बसतो इथं… हाव, जेवीन. तुझ्याकडं येईन एखाद्या रविवारी, लातूरला उतरून ऑटो करीन… बरं, न्यायला ये मग.

ठेव आता… न्हाई, तू ठेव. मी न्हाई ठेवत… अगं ऐक ना. एक मी बंद केलं आज. हे तू कर.

…

ठेव, रूपाली.