ढेकूण, पण झाडावरचे!

अहो, झाडावरचे ढेकूण! झाडावरचे! किती वेळा सांगायचं माणसानं? तुम्हाला म्हणून सांगतो, अख्ख्या बिल्डिंगमधलं कुणी आता माझ्या घरी टेकत नाही. खुर्ची पुढे केली की, "नको नको, उभाच बरा!"... आणि झालं काय, तर हिच्या जास्वंदीला कीड लागली. ही म्हणजे आमची मंडळी हो, सात महिन्यांपूर्वी गेली. खिडकीतली कुंडी तेवढी सोपवून गेली, "अहो, एवढी जगवा, बाकी काही मागत नाही."

तर पानांखाली पांढरं पांढरं, कापसासारखं. ही त्याला पीठ म्हणायची. "पीठ पडलंय हो!" की ओल्या फडक्यानं पुसून मोकळी. आणि मी? जन्म गेला छापखान्यात मुद्रितं तपासण्यात, चुकीचा शब्द खपवून घेईन? "पीठ नव्हे, पिठ्या ढेकूण. तसं नावच आहे त्याचं." ती म्हणायची, "बरं बाबा, ढेकूण तर ढेकूण, फडकं द्या आधी!"

मग लेकीचा फोन. नातीला घेऊन यायची होती सुट्टीत. नुसतं 'कीड' म्हटलं असतं तर जीभ झडली असती का माझी? पण नाही! म्हटलं, "काय सांगू, ढेकूण झालेत गं, जाता जात नाहीत." पलीकडून हळूच, "बाबा, मग... नंतरच येतो हं, पोरीच्या अंगावर लगेच पुरळ उठतं." अगं, झाडावरचे! पण फोन ठेवलेला.

तिनं लगेच माझ्या वहिनीला कळवलं. वहिनीचं कसं, एकदा हातात घेतलं की तडीस! दुसऱ्या दिवशी दारात हजर, सोबत पाठीवर टाकी घेतलेला फवारणीवाला. "भावजी, दोन तास घरात पाऊल टाकायचं नाही. आणि लाज कसली त्यात? एकटा माणूस, व्हायचंच!" अहो वहिनी, झाडावरचे!... "हो हो, झाडावर, माडावर, सगळीकडे मारायला सांगते!"

बसलो खाली बाकावर. दोन तासांनी वर गेलो तर गाद्या उभ्या, कपाटं उघडी, वास असा की डोळ्यांत पाणी. फवारणीवाला म्हणतो, "काका, खरं सांगू? गादीत एक ढेकूण नाही सापडला. पण ताई म्हणाल्या झाडावर आहेत, म्हणून कुंडीत दणकून मारलंय, निम्मी टाकी!" म्हणजे माझं बोलणं एकदाचं कुणीतरी नीट ऐकलं, आणि ते असं!

चार दिवसांत पानं काळी पडली. एक कळी होती, ती न उमलताच गळली. मी कुंडीतली माती बदलली, पाणी घातलं, शेजारी बसून माफी मागितली... हसा, हसा. काल फांदी जराशी वाकवली तर काडकन मोडली. एवढंच तर मागितलं होतं हो तिनं माझ्याकडे, आणि एवढंही जमलं नाही मला.

संध्याकाळी लेकीचा फोन. "बाबा, आता नाही ना काही घरात?"

म्हटलं, "नाही गं. आता काहीच नाही घरात. ये तू."