खुणेची ओळ

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी दोघं बसली होती. त्यांतल्या बाईचा नवरा आत होता आणि दुसरा त्याच्या ऑफिसातला मित्र, भेटायला आलेला.

"भाऊजी, आजारपणात घरी बसून हे एवढं काय लिहीत होते?"

"वहिनी, आमचं सॉफ्टवेअर लोकांच्या सर्व्हरवर नजर ठेवतं. नवीन काही तपासायचं झालं, की त्याचं प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, लिहावं लागतं. ते किचकट काम एकट्या त्यालाच जमायचं."

"म्हणून जेवतानासुद्धा फोन यायचे."

"हो ना. आता त्याने अ‍ॅनोटेशनची सोय केली आहे. काय तपासायचं तेवढंच लिहायचं आणि त्याच्यावर खुणेची एक ओळ द्यायची. बाकीची जोडणी सॉफ्टवेअर आपली आपण करतं. काल नव्या मुलीने एकटीने प्लगइन लिहिलं."

"चाललं?"

"पहिल्या फटक्यात."

"म्हणजे आता तुमचं त्यांच्यावाचून अडणार नाही."

"वहिनी, तसं नाही हो…"

"तसंच आहे. मला म्हणाले होते, माझ्यामागे कुणाचं अडायला नको."

नर्सने दार उघडलं. "घरच्यांपैकी एकालाच सोडते."

"जा, वहिनी."

"तुम्ही जा. नर्सबाई, हे त्यांचे धाकटे भाऊ आहेत. जा भाऊजी, त्या मुलीचं चाललं, हे तुमच्याच तोंडून ऐकू दे त्यांना."