सलाईन नाय लावली

...आणि वर मलाच विचारतात, सलाईन किती लावल्या? अहो, एकपण नाय लावली! तुम्हाला सांगतो, महाडला आयसीयूत माझी बायको शकू धापा टाकतेय, बीपी पार खाली, नि डॉक्टरीणबाई खाटेजवळ छोटा टीव्ही आणून तिच्या छातीवर जेल चोळतेय. बांधावरनं घसरून पाय मोडला, तीन आठवडे प्लास्टर, नि त्या सकाळी एकदम दम लागला... पाय मोडला नि बघताय छाती? त्यातही म्हणे, हृदयाची उजवी बाजू. उजवी? आमच्या कापडे गावात काळीज सगळ्यांचं डावीकडंच हाय.

मी बोललो, "मॅडम, आधी सलाईन लावा." आमच्याकडं सलाईन लागली तरच दुखणं खरं. मुंबईवरनं मुलगा किशोर फोनवर, "पप्पा, सलाईन चालू केली का? नसंल तर शिफ्ट करा ना." दारात मेव्हणी काशीबाई, "भावोजी, सलाईन नाय? म्हणजे आशाच सोडली का वो?" नि डॉक्टरीणबाई शांत, "काका, इकडे या. पडद्यावर बघा."

बघतो तर काळीज हलतंय. शकूचं. तीस वर्षं संसार केला, ते कधी बघितलं नव्हतं... माझंच थांबायचं बाकी राहिलं. "ही उजवी बाजू रक्त फुप्फुसाकडे ढकलते. पायातली गुठळी तिथे अडकलीय, म्हणून ही फुगलीय, नि डावीला दाबतेय."

मी बोललो, "म्हणजे भाताचं खाचर तुडुंब, नि बांधातली पाणी जायची मोरी तुंबली?"

"बरोबर. मग वरून आणखी पाणी सोडाल?"

कोण सोडंल? बांधच जायचा! मोरी मोकळी करायचं इंजेक्शन होतं, पण मोडलेला पाय ताजा, रक्त वाहू शकतं म्हणाली, सही करा. केली, पण माझी सही मलाच ओळखू येईना.

इंजेक्शन दिलं, मग दर तासाला तो टीव्ही, नि दर तासाला किशोर, सलाईन लावली का, सलाईन लावली का... संध्याकाळी ती फुगलेली बाजू उतरली, शकूनं पाणी मागितलं, नि मी जिन्यात बसून रडलो. सांगायला लाज कसली?

आता घरी आणलीय. येणारा प्रत्येकजण म्हणतो, सलाईनपण नाय, म्हणजे मोठं काय नव्हतंच. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आतनं शकू काशीबाईला सांगते, "काय नव्हतं गो. ह्यांनाच दम लागला होता."

बरं बाई. मलाच लागला होता.